सायलेन्सरमधला कापूस

बाबांची चाळीस वर्षांची मोटारसायकल मी, म्हणजे मोबाइलवर बघून मेकॅनिक झालेल्या माणसाने, आर्णीच्या घरामागच्या शेडात नव्याने उभी केली. टाकी हिरवी रंगवली, सीट लांब करून घेतली. फक्त ती सुरू होईना. "दसऱ्याला तुम्हीच चालवा," असं बाबांना सांगून बसलो होतो आणि दसरा उद्यावर आला होता.

रोज सकाळी एक दूधवाला फाटकाशी थांबायचा. सायकलवरून न उतरता, एक पाय टेकवून, कानावरचा दुपट्टा सरकवून माझ्या किका ऐकायचा आणि निघून जायचा. मी तिसऱ्यांदा कार्बोरेटर खोलला, त्या दिवशी मात्र तो उतरला.

"मारा किक," म्हणत त्याने सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. "हवाच नाही येऊन राह्यली." मग दोन बोटं आत घालून त्याने कापसाचा घट्ट बोळा ओढून काढला. आत रंग जाऊ नये म्हणून मीच कोंबलेला!

"यंदाचा कापसाचा वेचा इथंच ठेवला काय, भाऊ?"

"रोज ऐकता, तर आधी काहून नाही बोलले?"

"मले वाटलं, तुम्हाले खोलाचाच शौक हाय."

पुढच्या किकेला गाडी धडधडली. त्याचं नाव विचारावं म्हणून सीटवरूनच वळलो, तोवर त्याची सायकल वळणावर पोचली होती. आवाज ऐकून बाबा अनवाणीच बाहेर आले आणि म्हणाले, "मांगं सरक."