बर्फातली बाळंतीण

चंद्रशेखर घळसासी माझे साडू. साडू म्हणजे मान राखायचा आणि अंतरही राखायचं, असं नातं. आम्ही दोघांनी ही दोन्ही पथ्यं इतक्या इमानाने पाळली की त्यात एका माणसाच्या संसाराची वाट लागली. त्यातला माझा वाटा मी कुणाला फारसा सांगत नाही. इथे सांगतो.

हा माणूस मूळचा मिरजेचा. अमेरिकेत आयडाहोच्या डोंगरात सरकारी नोकरीला होता आणि नोकरी काय, तर बर्फ मोजायची. हिवाळ्यात दर महिन्याच्या अखेरीला डोंगर चढायचा, ठरलेल्या दहा खुणांवर ॲल्युमिनियमची लांब नळी बर्फात खुपसायची, नळीत अडकलेल्या बर्फाचं वजन करायचं आणि वहीत लिहायचं. उन्हाळ्यात खालच्या शेतांना पाणी किती मिळणार, ते त्या आकड्यांवरून ठरे. मी एडिसनहून रोज ट्रेनने न्यूयॉर्कला जाणारा इंजिनियर, मला या कामाची गंमत वाटायची. "काय घळसासी, आज किती फूट?" असं मी दर रविवारी फोनवर विचारायचो. थट्टा त्यांना कळत नसे. ते आकडा सांगायचे, शिवाय मागच्या वर्षीचाही सांगायचे.

त्या गावात दीडशे माणसं. मराठी दोनच, ते आणि त्यांची बायको सुनेत्रा. सुनेत्रा माझ्या बायकोची, शोभाची, धाकटी बहीण. आई-वडील राहिले नव्हते, म्हणून आमचंच घर तिचं माहेर. १९८३च्या डिसेंबरात, सातव्या महिन्यात, ती पहिल्या बाळंतपणाला एडिसनला आली. घळसासींनी तिला विमानात बसवलं आणि परत जाऊन बर्फ मोजायला लागले.

फेब्रुवारीत मुलगी झाली. बारशाला बाप येणार होता, पण दरड कोसळावी तसा डोंगराचा बर्फ रस्त्यावर आला आणि घाट बंद झाला. मुलीचं नाव रुपाली ठेवलं, ते त्यांना फोनवर कळलं. "छान आहे," एवढंच म्हणाले.

पुढे काय व्हायचं ते आपल्याकडे ठरलेलं असतं. बाळंतीण उठती-बसती झाली की माहेरची माणसं बोलावणं पाठवतात आणि जावई न्यायला येतो. मे महिना आला, त्यांचं बर्फाचं काम संपलं, तरी घळसासी येईनात. सुनेत्रा म्हणाली, "न्यायला आले की जाईन. मूल घेऊन मी आपणहून कशी जाऊ?" घळसासींना वाटे, बोलावणं नसताना गेलो तर घाई झाली म्हणतील. आणि मी, थोरला साडू! मी फोन करून "बायकोला घेऊन जा" म्हटलं असतं, तर आम्हाला ती जड झाली असा अर्थ झाला असता. म्हणून मी दर रविवारी बर्फ किती हेच विचारत राहिलो. उन्हाळ्यात बर्फ नसे, तेव्हा पाऊस विचारायचो.

असं एक वर्ष गेलं. इतकं सोपं असतं वर्ष जाणं. सुनेत्राला शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायका मिळाल्या, पाच मिनिटांवर डॉक्टर मिळाला, रुपालीला खेळायला चार पोरं मिळाली. घळसासी तिकडे पिठलं-भात करायचे आणि एकच दिवाळी अंक पुन्हा पुन्हा वाचायचे. जाहिरातीसुद्धा पाठ झाल्यात, म्हणाले. आम्ही फोटो पाठवायचो. ते त्यांनी बर्फाच्या वहीत तारखेवार ठेवले होते.

१९८५च्या मार्चमध्ये त्यांचा फोन मधल्याच वारी आला. मी घाबरलो.

"प्रतापराव, सातव्या खुणेपाशी बाळंतीण आहे."

मला वाटलं, एकटेपणाने डोकं फिरलं. मग कळलं की वुल्व्हरीन नावाचं जनावर. दिसायला छोट्या अस्वलासारखं, जातीने पाणमांजराच्या कुळातलं, स्वभावाने भयंकर एकलकोंडं. त्या मादीने मोठमोठ्या दगडांच्या राशीवर साचलेल्या बर्फात भुयार खणलं होतं आणि आत पिल्लं घातली होती. घळसासी नळी खुपसायला वाकले, तर आतून बारीक आवाज आला.

जंगलखात्यातल्या एका बाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं आणि ते त्यांना कधी नव्हे ते कुणाला तरी सांगायचं होतं. ती आई उबदार दरीत जात नाही म्हणे. जिथे बर्फ सगळ्यात खोल साचतो आणि मे महिन्यापर्यंत टिकतो, नेमकी तीच जागा हुडकते. वर वारं कितीही असो, बर्फाच्या पोटात ऊब राहते, आणि लांडग्या-अस्वलाला तिथवर पोचणं अवघड. पिल्लं चालायला लागेपर्यंत छप्पर वितळता कामा नये, एवढा तिचा हिशेब. माणसाची चाहूल लागली, तर पिल्लं तोंडात धरून जागा बदलते.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"सातवी खूण सोडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा रकाना रिकामा ठेवला. ऑफिसने रीझन विचारलं, तर लिहिलं की मदर विथ न्यूबॉर्न. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने कसं जायचं?"

मी हे जेवताना सांगितलं. शोभा हसली. सुनेत्रा हसली नाही. "पिल्लांना ताप आला तर डॉक्टर कुठला आणणार आहे ती?" म्हणाली आणि रुपालीला भरवत राहिली. पण पुढच्या रविवारी फोन वाजला, तेव्हा ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी फोन तिच्या हातात द्यायला हवा होता. दिला नाही, कारण तिने मागितला नव्हता.

एप्रिलभर घळसासी सुट्टीच्या दिवशीही डोंगर चढायचे. समोरच्या कड्यावर बसून दुर्बिणीतून बघायचे. जवळ गेले नाहीत. मग एप्रिलच्या शेवटच्या रविवारी म्हणाले, "प्रतापराव, बाप येऊन गेला."

"कुणाचा?"

"पिल्लांचा. नरच असणार, पावलं केवढी मोठी होती. भुयाराच्या तोंडापर्यंत आली होती, मग परत गेलेली दिसली. भांडण झाल्याची खूण नाही. तिने हाकललं नाही त्याला."

"बोलावणं गेलं होतं वाटतं?" मी थट्टेने म्हणालो.

 

"नाही," ते म्हणाले. "तसाच आला."

पंधरा दिवसांनी घळसासी एडिसनला आले. चेहरा बर्फाच्या उन्हाने काळवंडलेला, हातात पोरीसाठी लाल लोकरीची टोपी. मे महिन्यात! रुपाली पंधरा महिन्यांची, त्यांना बघून शोभाच्या साडीमागे लपली. ते पुढे झाले नाहीत. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर मांडी घालून बसले आणि दुसरीकडेच बघत राहिले. तीन दिवस हेच चाललं. त्या कड्यावर ते कसे बसत असतील, ते मला तेव्हा दिसलं.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात त्यांनी सुनेत्राला विचारलं. मी बाहेर पेपर धरून बसलो होतो, ऐकू सगळं येत होतं.

"येतेस?"

"मागच्या गणपतीपर्यंत माझी बॅग भरलेली होती," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज याल. तुम्ही नुसते दारात उभे राहिला असतात ना, तरी निघाले असते. बर्फाचं मला काही नव्हतं हो. मग एक दिवस तिची झबली लागली म्हणून बॅग उघडली, आणि परत भरली नाही. आता तिचं सगळं इथे आहे. मी नाही हलवणार तिला."

नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांची बॅग दाराशी होती. मी गाडीची किल्ली शोधत होतो. रुपाली हातात अर्धं चावलेलं बिस्किट घेऊन, खोली ओलांडून, डुलत डुलत त्यांच्याकडे गेली. त्यांनी हात नुसता पुढे धरला. तिने बिस्किट त्यावर ठेवलं.

"घे, काका," म्हणाली.

आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला तिने काका म्हणायचं, हे आम्हीच तिला शिकवलं होतं. घळसासींनी ते बिस्किट सावकाश खाल्लं. मग मान वर करून त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आधी सुनेत्राकडे, मग शोभाकडे, मग माझ्याकडे. कुणीतरी "काका नाही गं, बाबा" म्हणेल, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

सुनेत्रा खाली बघत होती. ते सांगायचं तर तिने सांगायचं, माझं ते काम नव्हे, असं मला वाटलं. मी किल्ली उचलली आणि म्हणालो, "निघू या, घळसासी. ट्रॅफिक लागेल."