जसं छापलं तसं

तळेगावात संत्र्याच्या पेट्या ठोकणारे पुष्कळ होते. पेट्या ठोकून झाल्यावर पुस्तक वाचणारा मात्र एकटा बंडूजी.

आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास उतरू लागली की मधुकररावांच्या हायवेकाठच्या टिनाच्या शेडमध्ये फळांचे ढीग पडत. पंधरा-सोळा बाया ढिगाभोवती बसून मोठं फळ वेगळं, बारीक वेगळं, डागी वेगळं करायच्या. बंडूजी सकाळी उजाडताच यायचा आणि दुपारपर्यंत दिवसभराच्या पेट्या ठोकून मोकळा व्हायचा. मग ओठांत धरलेले खिळे खिशात टाकायचा, एक पेटी उलटी करून तिच्यावर बसायचा आणि पुस्तक उघडायचा. पहिल्या वर्षी मधुकररावांनी हरकत घेतली. मजुरी ठोकायची देतो, वाचायची नाही, म्हणाले. बंडूजीनं उलट विचारलं, वाचायला लागल्यापासून फळ जास्त निवडलं जातं की कमी? मधुकरराव पक्के व्यापारी. दोन दिवस त्यांनी नजर ठेवली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःची खुर्ची जवळ ओढून घेतली.

बंडूजीची शाळा चौथीत सुटली होती. पुढचं वाचन तो दुकानांच्या पाट्यांवर, पुड्यांच्या कागदांवर आणि सभेच्या पत्रकांवर शिकला. शेतमजुरांची मजुरी वाढावी म्हणून आष्टी-आर्वीकडे ज्या सभा होत, त्यांत तो पत्रकं वाटायचा, पुढे भाषणंही ठोकू लागला. वाचण्याचा त्याचा एकच नियम होता आणि त्याला त्याचा फार तोरा होता: जसं छापलं तसं वाचायचं. एकदा शाळेचे एक गुरुजी शेडवरून जाताना म्हणाले, बायांना एवढं कुठे कळतं, मधलं मधलं गाळून गोष्ट सांगून टाक. बंडूजी हातोडा घेऊनच उठला होता. तुमी पोराईले गाळून शिकवता का, हे त्यानं त्यांना रस्त्यावर चार माणसांत विचारलं. गुरुजी नंतर शेडसमोरून सायकल जोरात हाणायचे.

तर १९७४ साली बंडूजीनं आर्वीच्या वाचनालयातून ‘सातदरवाजा’चा पहिला भाग आणला. राजे, मंतरलेले किल्ले, बोलणारे गरुड असली ती कादंबरी, दर दिवाळीला एक असे नऊ भाग आधीच जाहीर झालेले. दरवाजे सात आणि भाग नऊ, हे काय गणित आहे, असं निवडणाऱ्या बायांतली देवकाबाई दरवर्षी विचारायची आणि दरवर्षी बाया हसायच्या. मधे एक वर्ष भाग आलाच नाही, तेव्हा लेखक मेला अशी आवई शेडमध्ये उठली आणि आनंदाबाईनं त्याच्यासाठी एक उपास धरला.

राजाराण्यांच्या त्या गर्दीत बायांचा जीव जडला तो सांजावर. सांजा म्हणजे किल्ल्यावर पाणी भरणारी दासी. दुसऱ्या भागात राणीचं गुपित तिच्या कानी पडतं, म्हणून राणी तिचा आवाज काढून पितळेच्या डबीत कोंडते आणि डबी सातव्या दरवाजामागे ठेवते. तिथून पुढे सांजा मुकी. युद्धं झाली, गाद्या बदलल्या, गरुड म्हातारा झाला. सांजा घागर घेऊन पानापानांतून येत-जात राहिली, आणि तिला काय काय माहीत आहे ते फक्त वाचणाऱ्याला माहीत.

देवकाबाई सांजासाठीच यायची म्हटलं तरी चालेल. बाई तोंडाची तिखट, नजर घारीची. डागी फळ ती वासावरून काढायची. नवरा वारला त्या वर्षी दिरांनी अंगणात बसून जमिनीची वाटणी केली. ही उंबऱ्याआड बसून होती. आपल्या वाट्याला ओढ्याकाठचा खडकाळ तुकडा आला, हे तिला दुसऱ्या दिवशी शेजारणीनं सांगितलं. भांडली असती, पण भांडायला कोणी विचारलं तर पाहिजे. हे तिनं शेडमध्ये एकदाच सांगितलं, तेही संत्री निवडता निवडता. त्यानंतर प्रत्येक नवा भाग आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, सांजा बोलली का?

नववा भाग आला १९८३ मध्ये, शेवटचा. बंडूजी रविवारी एस.टी.नं आर्वीला गेला, पुस्तक घेतलं आणि घरी येईपर्यंत दम निघेना म्हणून वाचनालयाच्या पायरीवरच बसला. शेवट वाचला आणि त्याचं डोकं फिरलं.

सातवा दरवाजा उघडतो, सांजाला डबी सापडते. पण इतकी वर्षं कोंडून राहिलेला आवाज झिजलेला असतो. त्यात एकच शब्द उरलेला. खाली नदीच्या दोन्ही काठांवर दोन फौजा एकमेकींवर तुटून पडायच्या बेतात. सांजा तटावर उभी राहते आणि म्हणते, ‘थांबा.’ फौजा थांबतात. डबी रिकामी होते. सांजा घागर उचलते आणि उतारानं नदीकडे निघून जाते. राणीचं गुपित तिच्या पोटातच राहतं. समाप्त.

आठ-नऊ वर्षं वाट पाहून एक शब्द. परतीच्या गाडीत बंडूजी लेखकाला मनातल्या मनात अशा शिव्या घालत होता की शेजारचा माणूस सरकून बसला. देवकाबाईला हे कोणत्या तोंडानं वाचून दाखवायचं? तळेगाव येईपर्यंत त्याचा बेत ठरला. सोमवारी त्यानं पेट्यांत घालायच्या रद्दीतले दोन कोरे कागद उचलले आणि सांजाचं भाषण स्वतः लिहिलं. मंगळवारी दुपारी ते कागद पुस्तकात घालून तो उलट्या पेटीवर बसला.

त्या दिवशी फळं कोणी निवडलीच नाहीत. बंडूजीची सांजा तटावर उभी राहिली आणि बोलू लागली. राणीचं कपट तिनं भर चौकात मांडलं. घागरी भरणाऱ्यांच्या घामावर हे सात दरवाजे उभे आहेत, असं तिनं राजाला तोंडावर सांगितलं. आनंदाबाईनं डोळ्याला पदर लावला. मधुकररावांनी घसा साफ केला आणि पोरगी हिमतीची निघाली म्हणाले. बायांनी टाळ्या पिटल्या. बंडूजीला वाटलं, आपण लेखकाहून बरं केलं.

 देवकाबाई मात्र आपली टोपली उचलून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती कामाच्या आधीच आली. बंडूजी एकटाच पेटी ठोकत होता. ती समोर उभी राहिली आणि काल सांजा बोलली ते पुस्तकात कुठे आहे ते दाखवा म्हणाली. बंडूजी हसला. तुले वाचता येत नाही, काय दाखवू?

“मले वाचता येत नाई, पन पाहता येते,” देवकाबाई म्हणाली. “दहा वर्सं तुमच्या हाताकडं पाहून राह्यली. इतकं बोलनं दोन-तीन पानाचं असते. काल तुमी एक पान उलटलं नाई.”

बंडूजीचा हातोडा थांबला. तरी त्यानं काही तरी बारीक अक्षराचं निमित्त काढलं.

“अन् ते बोलनं सांजाचं नोतंच. घामावर दरवाजे म्हने. असं तुमी सभेत बोलता. जे बाई आठ-नऊ वर्सं मुकी हाय, ते पयल्यांदा तोंड उघडून भाषन करन का?”

आता खोटं रेटण्यात अर्थ नव्हता. बंडूजीनं ओठांतले खिळे काढले आणि सगळं सांगितलं. एक शब्द, रिकामी डबी, घागर. तुले वाईट वाटलं असतं म्हणून बदललं, असंही सांगितलं. हे सांगताना त्याला वाटत होतं की ती निवळेल.

ती निवळली नाही. तिचा आवाज उलट खाली आला, आणि तो खाली आला की शेडमधल्या बाया आपोआप लांब सरकायच्या.

“माह्या भल्यासाठी ना? माहे दीर बी तसंच म्हने. ओढ्याकाठचं वावर, पान्याजवळ, माह्याच भल्याचं. तुमी तरी मले ईचाराचं होतं, बंडूजी. उंबऱ्याआड तुमी बी बसवलं मले.”

बंडूजी गावात कुणाचं ऐकून घेणारा माणूस नव्हता. सभापतीला त्यानं खुर्चीवरून उठवलं होतं. पण हे त्यानं ऐकून घेतलं. देवकाबाई ढिगाजवळ जाऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून. काम सुरू झालं तरी ती वळली नाही. तिचा विश्वास गेला तर यापुढे आपण छापलेलंच वाचलं तरी तो नुसता आवाज राहील, हे बंडूजीला त्या पाठीकडे पाहून उमगलं.

दुपारी त्यानं पेटी उलटी केली, पण तिच्यावर बसला नाही. उभ्यानंच सगळ्यांना सांगितलं की काल मी खोटं वाचलं. दोन कागद वर धरून दाखवले, फाडले आणि पेटीतल्या गवतात कोंबले. मग खऱ्या पुस्तकातला शेवट वाचला, कुठेही आवाज न चढवता, पान उलटताना ते सगळ्यांना दिसेल असं उलटत.

शेड पेटली. आनंदाबाई म्हणाली, माझा उपास फुकट गेला, तो लेखक मेला असता तरी चाललं असतं. एकीचं म्हणणं, लेखकाजवळचा कागद संपला असेल. दुसरी म्हणाली, पुरुषमाणसानं लिहिलं, बाईला एकाहून जास्त शब्द देताना त्याचा हात थरथरला. मधुकररावांनी कालचाच शेवट ठेवावा असा ठराव मांडला, माल तोच चांगला होता म्हणाले. बंडूजीवरही शिव्यांचा पाऊस पडला, आणि त्यानं तो मान खाली घालून घेतला.

या गोंधळात देवकाबाई कधी वळून बसली, कळलं नाही. तिनं हातातलं संत्रं खाली ठेवलं.

“एकच बोलली,” ती म्हणाली, “पन दोन फौजा थांबल्या. कोनी मधात तोंड घातलं नाई. मले तर कोनाचं भांडन बी थांबवता आलं नाई कधी.” मग बंडूजीकडे पाहून म्हणाली, “तो शब्द कुठं हाय, बोट ठेवून दाखवा.”

बंडूजी तिच्याजवळ जमिनीवर बसला. त्यानं बोट ठेवलं. दोनच अक्षरं, थां आणि बा. वरचं टिंब त्यानं वेगळं दाखवलं. देवकाबाईनं डोळे बारीक करून ती अक्षरं डागी फळ पाहावं तशी उलटीपालटी पाहिली आणि पुन्हा वाचा म्हणाली. त्यानं वाचलं. तिनं त्याच्या तोंडाकडे नाही, पानाकडे पाहिलं.

संध्याकाळी सगळे घरी निघाले. शेडपासून थोड्या अंतरावर एस.टी. थांबायची जागा होती, तिथे लोखंडी खांबावर पिवळी पाटी. त्या पाटीखालून देवकाबाई वीस वर्षं ये-जा करत होती. आज ती पाटीखाली थबकून उभी राहिली. बंडूजी मागून येत होता, त्याला तिनं हात केला.

“हे दुसरं, हे सांजाचंच हाय ना? थां, बा.”

बंडूजीनं वर पाहिलं. ‘विनंती थांबा’ लिहिलं होतं. तो हो म्हणाला, तोच आहे शब्द.

“अन् हे पयलं काय हाय?”

 हा शब्द गाळता आला असता.

“विनंती,” त्यानं जसं छापलं होतं तसं वाचलं.

देवकाबाईनं पाटीकडे नापसंतीनं पाहिलं.

“ते नोतं पुस्तकात,” ती म्हणाली. मग रिकामी टोपली काखेत मारून उताराला लागली, आणि चार पावलं गेल्यावर वळून न पाहताच म्हणाली, “उद्या पयल्या भागापासून धरजा. अन् मी तुमच्या बाजूले बसन.”