कोपीतले पाच पांडव
आंबिलीचा आंबूस वास आला की माझ्या तळहाताला अजून आईची पापणी फडफडलेली जाणवते. त्या दिवशी येळवस, म्हणजे शेतात पूजा करायची वेळ अमावस्या, होती. ज्वारी डोक्याइतकी वाढली होती आणि शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडले होते. कुंकू लावता लावता आई थांबली आणि म्हणाली, "दहा कशाला मांडलेत रं?" वडील म्हणाले, "आंबील चढली व्हय गं?" मीही हसलो. मग तिचं बोट दगड सोडून शेजारच्या मातीला टेकलं. मी तिचा एक डोळा हातानं झाकला, तर ती पाच म्हणाली. हात काढला, तर पुन्हा दहा. तसंच उठून जीपनं सोलापूर गाठलं. डॉक्टर म्हणाले, डोळा चांगला आहे, पण नाकामागच्या पोकळीत पू साठून डोळ्याची नस दबलीय, उशीर केला तर नजर जाईल. आणि आम्ही महिनाभर सर्दीची डोकेदुखी समजून तिच्या कपाळाला सुंठ लावत होतो. नाकातून ऑपरेशन झालं, नजर वाचली. आता दर येळवशीला मी कोपीत विचारतो, "किती?" ती मुद्दाम जरा थांबते आणि मग "पाच" म्हणते. तेवढ्या थांबण्यात माझा हात तिच्या डोळ्याकडे जातो.