वानखडे मॅडम आणि खोडलेले ‘तो’

वानखडे मॅडम कागदाशी भांडायच्या. अकोल्याहून सकाळच्या गाडीने अमरावतीच्या दवाखान्यात यायच्या, पर्स टेबलावर आदळायच्या आणि प्रश्नावल्यांचा गठ्ठा ओढून वरच्या प्रश्नावलीलाच विचारायच्या, "काय वं बाई, आज कोणाले येडं ठरवून राहिली तू?" त्या मानसशास्त्रज्ञ, मी त्यांच्या हाताखाली समुपदेशक. रोजची ती कटकट ऐकून माझं डोकं उठायचं.

धामणगावची रिया आली तेव्हा सतरा वर्षांची होती. घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलेली, पण आपण मुलगी आहोत हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. कॉलेज सुटलं होतं, झोप उडाली होती, जगणं नको झालंय असं बोलत होती. प्रश्नावली मराठीत, त्यामुळे ओळीओळीला ‘मी रडतो/रडते’, ‘मी घाबरतो/घाबरते’. उत्तरं द्यायच्या आधी रियाने सगळे ‘तो’ खोडले. इतके दाबून, की कागद फाटला.

मॅडम हसल्या. "अवं, आमी वऱ्हाडी बाया जनमभर ‘मी जातो, मी येतो’च म्हनतो. मले कोणी बाप्या म्हनते का?"

रिया हसली नाही. "तुमाले चालते, मॅडम. तुमाले कोणी ‘पोरगा का पोरगी’ विचारत नाही."

मॅडमनी फाटलेला कागद हळूच हाताने सरळ केला. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे खरी डोकेदुखी. उत्तरांच्या गुणांची बेरीज ताडून पाहायला तक्ते दोन, मुलांचा आणि मुलींचा. मुलींची बेरीज मुळातच जास्त येते म्हणे, म्हणून त्यांची उपचाराची रेघही वर. रियाची तीच बेरीज मुलांच्या तक्त्यात ‘तातडीने उपचार’ आणि मुलींच्या तक्त्यात ‘सर्वसाधारण’! आता बोला! रेघेखालच्यांना आमचे विभागप्रमुख सर सरळ पुढच्या महिन्यांवर ढकलायचे.

"मुलींमध्ये एवढं चालतंच, मॅडम," सर म्हणाले.

"मंग पोरीनं किती रडावं, सर? आकडा सांगा, मी सांगतो तिले तितकं रडाले!"

दारात उभ्या रियाने सगळं ऐकलं. खाली मान घालून म्हणाली, "मंग मुलगा लिहा, मॅडम. एवढ्यापुरतं."

मॅडमनी पेन आपटलं. "तुले पोरगा लिहून मी तुले बरी कशी करू वं?"

दोन्ही तक्ते त्यांनी बाजूला सारले आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं : मुलगी झोपत नाही, जीव द्यायचं बोलते, उपचार आजपासून. सर सही करेपर्यंत त्या खुर्चीतून हलल्या नाहीत. सर वैतागले, मीही वैतागले, पण सही झाली.

मॅडम निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी रिया स्टेशनवर आली. आता ती पुन्हा कॉलेजात जात होती. गाडी येईपर्यंत मॅडम तिला जेवणावरून, झोपेवरून, गोळ्यांवरून रागावत राहिल्या. गाडी सुटताना रियाने हात हलवला.

"बरं मॅडम, येतो मी."

खिडकीतल्या मॅडमनी पदराने डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसल्या, "पाह्य, झाली का नाही पोरगी वऱ्हाडी बाई!"