गोखल्याचा केक

मंडळी, आपल्या मंडळाच्या फळ्यावर आज एक गंभीर तक्रार लावतोय: खिडकीजवळची खुर्ची मला मिळाली नाही.

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात त्या खुर्चीवर हेड ड्राफ्ट्समन बसतो. ती जागा रिकामी झालीय. आज साहेबांनी मला आणि गोखल्याला बोलावलं आणि नव्या यंत्राच्या ड्रॉइंगबद्दल विचारलं, सोमवारपर्यंत होईल का?

मी व्याकरणशुद्ध इंग्रजीत सगळ्या अडचणी सांगितल्या. गोखले म्हणाला, "पीस ऑफ केक, सर!"

म्हणजे केकचा तुकडा! यंत्राचा आणि केकचा संबंध काय? आणि हे बोलतो कोण, तर अंड्याच्या धास्तीने ज्याने जन्मात केकला हात लावला नाही तो! साहेब खूश. खुर्ची गोखल्याची.

घरी येऊन फणफणलो. बायकोचं माहेर इथलंच, कानडी चामराजपेटेतलं; 'बरं'ला ती 'सरी' म्हणते. ती शांतपणे म्हणाली, "अहो, साहेबांना केक कुठं ऐकू आला? होकार ऐकू आला. तुम्हीही नुसतं 'सरी, होईल' म्हणायचं की!"

आता तुम्हीच सांगा, माणसाचा जळफळाट होणार नाही?

अभिनंदन मात्र करायचं राहिलं होतं. संध्याकाळी गोखल्याच्या घरी जाऊन केलं. त्याचा चेहरा पार उतरलेला. म्हणाला, "सोमवारपर्यंत कसं रे होणार?"

"होईल," मी म्हटलं आणि त्याच्याकडे पेन्सिल मागितली.