चौथ्या लेनमधला दबका आवाज

हेमलता खैरनार रियाधमधल्या एका शूटिंग क्लबात सुरक्षा अधिकारी होती. वय बावन्न. नाशिकला कॉलेजात असताना एनसीसीमध्ये तिनं पहिल्यांदा रायफल खांद्याला लावली आणि राज्य स्पर्धेपर्यंत खेळली. मग लग्न झालं आणि नवऱ्याच्या, चंद्रशेखरच्या, बँकेतल्या नोकरीपाठोपाठ ती इथं आली. बरीच वर्षं तिनं एका भारतीय शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. क्लबात बायका येऊ लागल्या, तेव्हा त्यांना रेंजवर बाई अधिकारी हवी होती. हेमलतानं परीक्षा दिली, पास झाली आणि शाळा सोडली.

काम सोपं दिसायचं. नेमबाजांच्या मागं उभं राहायचं, हातांकडे बघायचं, आवाज ऐकायचा. पण त्या आठवड्यात मॅनेजर अलीनं तिला केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. महिन्याभरात तिनं तीनदा उगाच गोळीबार थांबवला होता. काहीतरी वेगळं ऐकू आलं, असं ती म्हणायची आणि तपासल्यावर काहीच निघायचं नाही. सभासद वैतागले होते. चौथ्यांदा असं झालं तर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, नवा करताना क्लब विचार करील, असं अलीनं शांतपणे सांगितलं. हेमलतानं मान डोलावली. डाव्या कानात अधूनमधून शिटी वाजते, हे तिनं त्याला सांगितलं नाही. घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी चौथ्या लेनमध्ये जवाहिर आली. तिशीची सौदी बाई, क्लबाची सगळ्यात चांगली नेमबाज. दहा दिवसांवर स्पर्धा होती आणि त्यासाठी तिनं नवं हत्यार घेतलं होतं. पिस्तुलाची मूठ आणि चापाचा भाग तोच. वर मात्र हातभर लांब नळी आणि मागं खांद्याला टेकवायचा दस्ता. मॅगझीन मुठीतच बसायचं. काडतूसही पिस्तुलाचंच. अशी कार्बाइन खांद्यावर स्थिर बसते, धक्का कमी देते, नेम पिस्तुलापेक्षा कितीतरी सोपा होतो. जवाहिर तिच्यावर खूश होती.

त्या दिवशी तिनं क्लबानंच दारू भरून तयार केलेली काडतुसं घेतली होती. काचेपलीकडे अली स्पर्धेच्या दोन पाहुण्यांना घेऊन उभा होता. शेजारच्या लेनमध्ये आणखी दोघी पिस्तूल चालवत होत्या.

जवाहिरनं पहिल्या तीन गोळ्या भराभर झाडल्या. चौथ्या वेळी हेमलताला आवाज वेगळा वाटला. कोरडा तडाखा नाही, दबका फुसका आवाज. पण त्याच क्षणी शेजारचं पिस्तूलही वाजलं. कानांवर जाड कर्णरक्षक होते. आपण नेमकं काय ऐकलं, हे तिला सांगता आलं नसतं.

तिला एवढंच दिसलं की कार्बाइनमधून रिकामं काडतूस उडालं नाही. आणि जवाहिर, जसं तिला शिकवलं होतं तसं, एक क्षणही न दवडता काडतूस भरायचं हँडल मागं ओढत होती. अडकलेलं रिकामं काडतूस बाहेर पडलं, नवं भरलं गेलं. तिचं बोट चापाकडे निघालं.

काडतुसात दारू कमी असेल तर गोळी नळीतच अडकते. पिस्तुलाच्या आखूड नळीतून ती कशीबशी निघून जाईलही. या लांब नळीतून नाही. आणि अडकलेल्या गोळीवर दुसरी आदळली तर नळी फुटते. जवाहिरचा डावा हात त्या नळीखालीच होता.

"वक्फी," हेमलता ओरडली. थांब. आणि सभासदाला हात लावायचा नाही हा नियम मोडून तिनं मागून जवाहिरचं उजवं मनगट धरलं आणि बोट चापापासून बाजूला खेचलं. नळी टार्गेटकडेच राहील याची मात्र तिनं काळजी घेतली.

रेंज शांत झाली. जवाहिरनं रागानं मान वळवली आणि हात सोड म्हणाली. भिंतीवरच्या स्पीकरमधून अलीचा आवाज आला: काय झालं, मॅडम? काडतूस अडकलं होतं, निघालं, आता पुढं चालू द्या. पाहुणे बघत होते. काही निघालं नाही तर ही चौथी वेळ होती.

"नळी बघितल्याशिवाय नाही," ती म्हणाली.

अली स्वतः आत आला. हेमलतानं जवाहिरकडून कार्बाइन घेतली. मॅगझीन काढलं, हँडल ओढलं. भरलेलं काडतूस टेबलावर पडलं. मग तिनं पितळी गज नळीच्या तोंडातून हळूहळू आत सोडला. गज सरकत राहिला. निम्म्याहून जास्त आत गेला तरी अडेना. अलीनं घड्याळाकडे बघितलं. तिच्या तळहाताला घाम आला होता, गज निसटत होता.

मग तो नळीच्या मागच्या टोकाअलीकडेच थांबला. तिनं जरा दाबून बघितलं. हलला नाही.

जवाहिर खाली बाकावर बसली आणि आपला डावा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

"तुला खात्री होती?" तिनं विचारलं.

"नाही," हेमलता म्हणाली. "खात्री नव्हती, म्हणूनच थांबवलं."

संध्याकाळी अलीनं अहवालाचा कागद पुढं ठेवला आणि हत्यारात बिघाड असं लिहायला सांगितलं. काडतुसं क्लबाची होती, पाहुणे मोठे होते. हेमलतानं काडतुसात दारू कमी असं लिहिलं, तो सगळा साठा बाजूला काढावा अशी मागणी केली आणि सही केली. अलीनं कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. शनिवारी ती आली तेव्हा कपाटातली त्या काडतुसांची खोकी गेलेली होती. साठ्यातली आणखी दोन काडतुसं हलकी निघाल्याचं तिला शस्त्रागारातल्या माणसाकडून कळलं.

पण घरी तिला झोप लागेना. तिनं चंद्रशेखरला सगळं सांगितलं, कानातल्या शिटीसकट. "अहो, पुढच्या वेळी मला ऐकूच आलं नाही तर?" दुसऱ्या दिवशी तो तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डाव्या कानाची श्रवणशक्ती बरीच कमी झाली होती, आणि ती परत येणार नव्हती.

तो रिपोर्ट तिनं स्वतः अलीच्या टेबलावर नेऊन ठेवला. माझ्यासोबत दुसरी अधिकारी द्या, नाहीतर मला रेंजवर उभं करू नका, असं तिनं सांगितलं. अलीनं रिपोर्ट दोनदा वाचला. मग त्यानं विचारलं, नव्या सभासदांना सुरक्षेचे धडे कोण देतं सध्या? कुणीच नाही, ती म्हणाली.

आता ती आठवड्यातून चार दिवस वर्गात शिकवते. पहिल्या तुकडीत जवाहिरनं आपल्या धाकट्या बहिणीचं नाव घातलं होतं.