काटा वीसवरच आहे

आमचे हे हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालतात. एकतीस वर्षं झाली. डॉक्टर हाड बसवतो आणि हात धुवायला जातो, पुढचं सगळं ह्यांच्याकडे. अख्खी गल्ली ह्यांना प्लास्टरमामा म्हणते. माणूस सोन्यासारखा आहे हो, आवाज चढवत नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण समोर माणूस आला की ह्यांना माणूस दिसतच नाही, मोटारीची धडक दिसते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराची मला ओळख करून दिली ती अशी: "हे गुडघ्याची वाटी. डॅशबोर्डवर आपटली होती." शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे स्टिअरिंगवर छाती आदळून मोडलेल्या तीन फासळ्या. सीटबेल्टचा वळ कोणत्या खांद्यावर उठलाय ते बघून गाडी नवरा चालवत होता की बायको, हे ह्यांना बिनचूक कळतं. एकदा तोंडातून निघून गेलं, त्या घरात महिनाभर अबोला होता.

अशा माणसाने गाडी घेऊच नये. ह्यांनी घेतली.

घेतली खरी, पण निघायच्या आधी तपासणी. हेडरेस्ट कानाच्या वरच्या टोकाला आला का? चष्मा काढून ठेव, काच डोळ्यात जाते. पाय वर घेऊन बसू नकोस, खुबा निखळतो. मांडीवर डबा? "अगं, धडक बसली की हा तोफेचा गोळा होतो!" डबा डिकीत. डिकीत आधीच प्लास्टरच्या गुंडाळ्या, फळ्या, मानेचे पट्टे, म्हणजे डबा कसाबसा कोंबायचा. एवढं होऊन वेग किती, तर वीस. सायकलवाले पुढे जाताना आम्हाला हात करतात. भाचीच्या लग्नाला पोचलो तेव्हा लोक खुर्च्या रचून ठेवत होते.

माझी ताई चाळीस किलोमीटरवर राहायची. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, सकाळी दहाला. आदल्या दिवशी फोनवर म्हणाली, "घाबरलेय गं मी. आत नेण्याआधी एकदा तोंड दाखव. आणि तुझ्या नवऱ्याला म्हणावं, जरा हाक गाडी."

साडेसातला मी गाडीत बसले. आठला गाडी हलली. सव्वानऊपर्यंत पंचवीस किलोमीटर झाले आणि मी मनातल्या मनात देवाशी भांडत होते. तेवढ्यात दूर, रस्त्याच्या पलीकडे, माळावर, ह्यांना एक कुत्रं दिसलं. झोपलेलं. ह्यांनी ब्रेक दाबला.

मागून धडाम!

मागच्या गाडीतला माणूस उतरून ओरडणार होता, पण ह्यांनी त्याचा हात पकडला. "अंगठा स्टिअरिंगमध्ये अडकला ना? मनगटाचं हाड गेलंय."

"अहो, काही नाही झालं मला!"

"असंच वाटतं," हे म्हणाले आणि डिकी उघडली. माझ्या पिण्याच्या पाण्यात प्लास्टर भिजवलं आणि भर रस्त्यात त्या बिचाऱ्याचा हात कोपरापर्यंत पांढरा केला. तो आधी चिडला, शेवटी त्याने भावाला फोन करून बोलावून घेतलं. मग ह्यांचा मोर्चा आमच्या मानांकडे वळला. "मागून धडक बसली की मान आधी मागे जाते, मग पुढे झटकते. आज काही वाटत नाही, उद्या वळत नाही." मी माझा मानेचा पट्टा भिरकावला. ह्यांनी स्वतःचा घातला. चांगला कडक, हनुवटी आभाळाकडे.

नऊ पस्तीस. पंधरा किलोमीटर बाकी.

"आता मी चालवू कसा?" हे म्हणाले. "मान वळत नाही, खाली वाकत नाही. काटाही दिसत नाही मला."

माझा पारा चढला. "मान मी होते! तुम्ही नुसते हातपाय व्हा. माझी ताई तिथे वाट बघतेय, आणि तुम्ही आभाळ बघत बसलात!"

हे बसले. मी शेजारून सांगत गेले: डावीकडे मोकळं, उजवीकडे ट्रक, जाऊ द्या त्याला, चला.

"वेग किती झाला?"

काटा तिसाच्या पुढे गेला होता. "पंधरा," मी म्हणाले.

हे अॅक्सिलरेटर थोडा दाबायचे. "आता?"

"अठरा."

काटा साठाला टेकला. मी घड्याळाकडे बघितलं आणि देवाची क्षमा मागून सांगितलं, "वीस. काटा वीसवरच आहे. अस्सेच चला."

दहाला पाच मिनिटं असताना पोचलो. ताईला स्ट्रेचरवरून नेत होते. मी धावत जाऊन तिचा हात धरला. मागून हे आले, हनुवटी वर, छताला नमस्कार करत, आणि थेट औषधांच्या ट्रॉलीवर आदळले. ताई एवढी हसली, एवढी हसली, की नर्सबाई म्हणाल्या, "आजी, पुरे, धाप लागेल." दार बंद झालं तरी आतून तिचं हसू ऐकू येत होतं.

ताई बाहेर आली नाही.

पुढचे कित्येक दिवस मी घरात नुसती बसून असायची. एकदा जेवताना राहवलं नाही. म्हटलं, "त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. काटा साठावर होता."

ह्यांनी घास खाली ठेवला. "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? अहो, काटा दिसत नव्हता ना तुम्हाला!"

"झाडं दिसत होती की. वीसवर झाडं अशी पळतात होय?"

त्या दिवशी मी रस्ता आणि काटा बघत होते, ह्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

"मग मला विचारत कशाला होतात सारखं?"

"तू वीस म्हणालीस की धीर यायचा," हे म्हणाले. "दहाला पोचायचं होतं ना आपल्याला."